तिसऱ्या वाफ्याचं पाणी

१

तिसऱ्या ड्रमचं झाकण काढलं अन् पाणी माझ्या सुनेच्या पायांवर सांडलं.

समितीच्या व्यंकटराव साहेबांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकानं पुसला, परत घातला. चष्म्यानं काय होतंय? ड्रम काठोकाठ भरलेला होता तो भरलेलाच राहिला.

"मॅडम," ते म्हणाले, "सगळा पावसाळा तुम्ही आम्हाला कळवत होतात की हा ड्रम कोरडा आहे."

"कोरडाच होता सर," दीपमाला म्हणाली. "मी माहेरी कन्नडला गेले तोवर थेंब नव्हता."

"शेडाची किल्ली कुणाकडं होती?"

तिनं पर्समधून किल्ली काढली. खोटं बोलायची सवय असती तर तेव्हाच बोलली असती. "माझ्याकडंच. कन्नडला."

झालं. आपल्याच हातानं फास ओढला पोरीनं. शेडाचं कुलूप शाबूत, किल्ली कन्नडला, अन् आत पाणी. म्हणजे बाहेरून कोणी ओतलेलं नाही, आलं ते वाफ्यातूनच आलं, नळीनं आलं. वाफा गळका, अन् बाई खोटी.

"दुपारी समिती बसेल," व्यंकटराव म्हणाले. "झाकणाचा निर्णय आजच होईल. आणि खोट्या मोजमापांबद्दल पोलिसांत तक्रार द्यावी लागेल. मला वाईट वाटतंय."

"वाईट वाटतंय तर देऊ नका," मी म्हणाले.

तेव्हा कुठं त्यांना दिसलं की दारात एक म्हातारी उभी आहे. "आपण कोण?"

"मी सरूबाई. हिची सासू. अन् हा माळ उतरला की पहिलं वावर लागतं त्याची मालकीण."

आता झाकण म्हणजे काय ते सांगते, नाहीतर वाचणाऱ्याला वाटायचं म्हातारी डब्याबद्दल बोलते.

शहराचा कचरा कितीतरी वर्षं आमच्या बोरदरीच्या माळावर पडला. जालना रोडनं करमाडकडं जाताना वास आला की आमचं गाव आलं, असं लोक ओळखायचे. पुढं डेपो बंद झाला. बंद झाला म्हणजे गाड्या यायच्या थांबल्या. डोंगर कुठं जातोय? पाऊस पडला की तो पाणी पितो अन् खालून काळं ओकतो. ते झिरपतं आमच्या विहिरीत. त्या विहिरीवर आम्ही बाभळीचे काटे टाकलेत, कोणी चुकून घागर सोडू नये म्हणून. गाव टँकरवर जगतंय.

तर डोंगराला वरून असं झाकण घालायचं की पाऊस आत जाऊ नये. कसलं घालायचं यावर साहेब लोकांत वाद. म्हणून गेल्या हिवाळ्यात उतारावर तीन वाफे करून बघितले. पहिल्यावर रोलरनं दाबलेली काळी माती. दुसऱ्यावर जाड प्लास्टिक अन् वर मातीचा थर. तिसऱ्यावर नुसती पिवळी मुरमाड माती, पण कमरेइतकी जाड, अन् वर दाट गवत. पाऊस मातीनं धरून ठेवायचा अन् गवतानं पिऊन टाकायचा. प्रत्येक वाफ्याच्या तळाला पत्रा, पत्र्याला नळी, नळीखाली ड्रम. ज्याचा ड्रम कोरडा त्याचं झाकण खरं.

दीपमाला या वाफ्यांवरची इंजिनेर. तिचं मत तिसऱ्याला. काळी माती उन्हाळ्यात तडकते. घराच्या माळवदावर काळी माती टाकणारा शहाणा आमच्याकडं अजून जन्मायचाय. प्लास्टिकच्या वाफ्याच्या ड्रममध्ये पाणी आलं नाही, पण वरची माती आषाढातच घसरली अन् प्लास्टिक उघडं पडलं, लुगडं सुटल्यासारखं. तिसरा वाफा तेवढा जिथल्या तिथं होता. आज सकाळपर्यंत.

माझा थोरला सुदर्शन सैन्यात आहे, लांब सरहद्दीवर. बायको माझ्या भरवशावर ठेवून गेलाय. फोन आला तर काय सांगू? तुझी बायको पोलिसांनी नेली, बाकी सगळं ठीक?

२

साहेब लोक चहाला गेले तशी मी ड्रमवर वाकले. पाणी गढूळ. वर एक गवताचं पातं तरंगत होतं, बोटाएवढं, हिरवं.

"दीपे, हे कुठून आलं?"

"काय माहीत आत्या," ती म्हणाली. "आलं असेल नळीतून."

"नळीत कुठून आलं? कमरेइतकी माती हाय वर. चाळणीतून पीठ पडतं बाई, भाकर पडत नाय."

तिनं पात्याकडं बघितलं. मग माझ्याकडं. सकाळपासून पहिल्यांदा तिच्या डोळ्यांत काहीतरी हललं. "म्हणजे हे झिरपून आलेलं पाणीच नाही. वाफ्यात कुठंतरी सरळ भोक आहे."

"अन् ते भोक कोणी पाडलं, एवढंच सापडायचं राहिलं."

दुपारपर्यंत. तोंडानं म्हणायला सोपं होतं.

पहिलं धरलं संघपालला. डेपोचा राखणदार. गेटपाशी खुर्ची टाकून बसतो.

"संघपाल, दीपमाला माहेरी गेली तेव्हा पाऊस पडला ना?"

"लई पडला, काकू. परतीचा. तोवर तर पोळ्यापासून ढगाचा पत्ता नव्हता. मी शेडाच्या वळचणीला उभा व्हतो. आत ड्रममधी पाणी पडतंय असा आवाज यायला लागला. मला वाटलं पत्रा गळतोय."

"पाऊस चालू असतानाच?"

"व्हय. नळ सोडल्यागत."

मातीतून येणारं पाणी असं येत नाही. ते रडत रडत येतं, दोन-चार दिवसांनी. मी ते मनात ठेवलं.

"बाहेरचं कोणी आलं होतं का वाफ्यावर?"

"बाहेरचं माणूस म्हणून एक बी नाय. मी हाललोच नाय इथून. एक पोळ्याची दुपार सोडली तर. तवा बी गेट उघडं टाकलं नाय, माणूस बसवून गेलो."

कोण माणूस, हे विचारायला तोंड उघडलं तेवढ्यात मागून आवाज आला. "काय आजी, चौकशी चाललीय वाटतं?"

शंतनू. प्लास्टिकच्या कंपनीचा माणूस, पुण्याचा. गुडघ्यापर्यंत बूट, डोक्यावर पिवळी टोपी. तिसरा वाफा पडला तर याच्या प्लास्टिकला पुन्हा जीव.

"तुम्ही लई खुश दिसताय," मी म्हणाले.

"खोटं कशाला बोलू? थोडा आहे. पण मॅडमचं वाईट वाटतं. त्या खोटं लिहिणाऱ्या नाहीत." बोलता बोलता तो तिसऱ्या वाफ्यावर चढला अन् गवतातल्या वारुळावर एक बूट टेकवून उभा राहिला, ओट्यावर पाय ठेवावा तसा. "गळती कुठून झाली ते शोधताय ना? मग याच्यापासून सुरुवात करा की. वाळवीनं आतून पोखरलेलं असणार. मॅडम हे मोडा म्हणत होत्या, तुम्हीच मोडू दिलं नाही ना?"

ते खरं होतं.

३

आषाढात ते वारूळ उगवलं, तिसऱ्या वाफ्याच्या मधोमध. दीपमाला म्हणाली, आत्या, वाळवी माती पोकळ करते, काढून टाकू. संघपाल म्हणाला, मी बाबासाहेबांचा माणूस, मला त्याचं काय नाय, आत्ता कुदळ आणतो. मी आडवी पडले. तोंडावर पंचमी, अन् वारूळ मोडता? श्रावणात गावच्या बायकांनी तिथं दूध-लाह्या वाहिल्या. पंचमी गेली, तरी मी हात लावू दिला नाही.

आता माझ्या वारुळापायी माझीच सून जाणार होती?

व्यंकटराव साहेबांच्या कानावर शंतनूचं बोलणं गेलंच. ते जवळ आले. माणूस कडक, पण तोंड कडू नाही. "सरूबाई, तसं असेल तर मॅडमवरचा आळ थोडा हलका होईल. खोटेपणा नाही, निष्काळजीपणा."

"निष्काळजी मी. ती नाय."

"वाफा त्यांच्या ताब्यात होता."

"मग खणा. वारूळ खणा, बघू किती खोल गेलंय."

"नाय!" एवढ्या जोरात कोण ओरडलं म्हणून सगळे वळले. माझा धाकटा. शिवराज. ट्रॅक्टर उभा करून धावत आला. "माय, डोकं फिरलं का? पंचमीला पूजलेलं वारूळ हाय. नाग निघंल. पाप लागंल आपल्या घराला."

"तू कधीपासून पापाला भ्यायला लागला? शेंदूर लावलेल्या दगडावर बसून बिड्या फुकतो तू."

"वारूळ म्हंजी वेगळं. त्याला नाय मी शिवत." त्याचा चेहरा उतरला होता. मला वाटलं, भावजयीच्या काळजीनं. "वहिनीला दुसरी नोकरी लागंल. होऊ दे काळ्या मातीचं झाकण. काय वाईट हाय? आपल्या खालच्या वावरात नाय का काळी माती? तिथं पाणी साचतं का?"

"तिथं साचत नाय ते मातीमुळं नाय. तात्यांच्या चरामुळं साचत नाय."

हे व्यंकटरावांना कळलं नाही म्हणून त्यांना सांगितलं. आमचे हे, तात्यासाहेब. खालच्या काळ्या वावरात दर पावसाळ्यात पाणी तुंबायचं. गावातले लोक नाली खणतात, दगड लोटतात, वर माती ओढतात. दोन पावसाळ्यांत बुजून जाते. यांनी चर घातला तो एकेक दगड बसवून. दोन दगड उभे, माथ्याला माथा टेकवून, हात जोडल्यासारखे. आत पोकळ. वर कापसाच्या पराट्या आडव्या, मग माती. कोणाला दिसत पण नाही, अन् पाणी खालून धावत जातं. गडी कधी लावला नाही त्याला. चर घरच्या माणसानं घालायचा म्हणायचे, पाणी घरचं असतं. दोन्ही पोरांना शेजारी बसवून शिकवलं.

"चांगली पद्धत आहे," व्यंकटराव म्हणाले अन् घड्याळ बघितलं. दीपमाला शेडाच्या पायरीवर बसली होती, ओल्या चपला तशाच पायात. तिच्या हातातला फोन वाजत होता. सुदर्शनचा होता. ती घेत नव्हती.

मी वारुळापुढं गेले. पदर डोक्यावर घेतला. देवाला काय बोलले ते माझं मला. मग संघपालला म्हणाले, "मार कुदळ."

४

वारूळ फोडायची वेळच आली नाही. संघपालनं आधी बाजूनं माती काढली, आतली बिळं किती लांब जातात ते बघायला. बिळं हातभर जाऊन संपली. खाली माती घट्ट, कोरडी, भाकर वाळावी तशी.

"वाळवी निर्दोष," शंतनू म्हणाला. त्याला पण गंमत राहिली नव्हती.

संघपालनं अजून एक घाव घातला, वारुळापासून हातभर लांब. कुदळ खणकन् वाजली.

"दगड हाय."

"या वाफ्यात दगड नाहीत," दीपमाला उठून आली. "चाळलेली माती आहे ही. मी उभं राहून भरून घेतलीय."

माती बाजूला सारली. पराट्यांचे कुजके तुकडे निघाले. त्यांच्याखाली दगड, दगडामागं दगड. गवताखालून, वाफ्याच्या वरच्या कडेपासून, सरळ रेघ खाली येत होती. वारुळापाशी आली की वळायची, बैलानं खांब चुकवावा तसा मोठा वळसा घ्यायची, परत रेघेवर यायची, अन् खोल होत होत थेट तळाच्या पत्र्याला भिडायची. उताराचं सगळं पाणी धरून ड्रममध्ये नेऊन सोडणारी चोरवाट.

गावातली माणसं जमली होती. कोणीतरी म्हणालं, "प्लास्टिकवाल्याचंच काम!" अन् दोघा-तिघांनी शंतनूची कॉलर धरली. त्याची पिवळी टोपी गडगडत गेली.

"थांबा!" व्यंकटराव ओरडले. "हात लावू नका त्यांना." मग दीपमालेकडं वळले, अन् त्यांचा आवाज आणखी थंड झाला. "मॅडम, ही नाली वाफा बांधतानाच राहिलेली असू शकते. पाणी काढायला घातली आणि बुजवायची विसरली. मग ड्रम सुरुवातीपासून भरत असणार, आणि तुम्ही ते लपवलंत."

"सर, मी..."

"नाली नंतर घातली हे सिद्ध करा. नाहीतर मला दुसरा मार्ग नाही."

सगळे बोलत होते. मी ऐकत नव्हते. मी खड्ड्यात वाकून दगडांकडं बघत होते. मग शिवराजला शोधायला निघाले.

५

शिवराज खालच्या वावरात सापडला. बांधावर बसला होता, पाठ माझ्याकडं. मी उतरून गेले.

"पोळ्याला मिरवणूक मारुतीपाशी उभी राहिली, बैल सजून तयार, अन् तू नव्हतास. मी सगळ्या गावादेखत तुला शिव्या घातल्या. आठवतंय?"

त्यानं बांधावरचं ढेकूळ उचलून हातात चुरलं.

"आलास तेव्हा पायाला पिवळी माती होती तुझ्या. आपल्या कुठल्याच वावरात पिवळी माती नाय."

"माय..."

"दगड माथ्याला माथा टेकवून बसवलेत, शिवा. हात जोडल्यासारखे."

मग तो रडायला लागला. एवढा दाढीमिशीचा गडी.

"शहरातल्या शहागंजच्या एका ठेकेदाराला शब्द दिला व्हता," तो म्हणाला. "झाकणाला काळी माती लागली तर ह्या वावरातली सगळी द्यायची. प्लास्टिक महाग पडतंय, ते होत नसतं, तिसरा वाफा गेला की काळीच, म्हणला तो. शहरात दोन खोल्या घ्यायच्या व्हत्या. टँकरच्या गावात पोरगी कोण देतंय, माय? तीन ठिकाणाहून परत आलो. पाणी कसं हाय विचारत्यात आधी, मग पोराचं नाव."

"अन् वहिनी?"

"मला वाटलं वाफा नापास व्हईल, बस. तिच्यावर येईल असं मला आईशप्पथ..."

"माझी शपथ घेऊ नको. लई झाल्या."

ज्या मातीत बापानं चर घालून पीक वाचवलं ती खरवडून विकायची, अन् ती विकता यावी म्हणून बापाचाच चर चोरीला वापरायचा. मी त्याला मारलं असतं. हात उचललाच नाही.

त्यानं माझे पाय धरले. "तू बोलू नको, माय. दगड ते दगड. तुझ्याशिवाय वळखणारं कोणी नाय इथं. दादा तिकडं लांब. वहिनी शिकलेली हाय, वकील करू, सुटंल ती. मी आत गेलो तर माझं संपलं. परत मला कोण दारात उभं करंल?"

खरं होतं ते सगळं. अख्ख्या बोरदरीत ते दगड ओळखणारी मी एकटी होते. गप्प बसायला काही लागत नव्हतं. तोंड मिटायचं फक्त, अन् ते तर मला जन्मभर जमलेलं नाही.

वर शेडाकडून संघपाल हाका मारत होता. समिती बसली होती.

६

खुर्च्या शेडातच मांडल्या होत्या. शंतनू एका कोपऱ्यात, सदरा फाटलेला. दीपमाला उभी. तिला कोणी बस म्हणालं नव्हतं. बाहेर पोलिसांची जीप येऊन थांबली होती.

"आधी मला बोलू द्या," मी म्हणाले.

समितीतले एक गृहस्थ म्हणाले, "बाई, हा तांत्रिक विषय आहे."

"असंल. मी वारुळाचं बोलणार हाय." मी शंतनूकडं वळले. "बाळा, वाफे बांधले तेव्हाचे फोटो हायत तुझ्याकडं?"

त्यानं गाल चोळत फोन काढला. "आहेत. तिन्हींचे."

"तिसऱ्यावर वारूळ दिसतं का?"

त्यानं फोन व्यंकटरावांपुढं धरला. सपाट माती. गवताचे कोंब पण नाहीत.

"वारूळ आषाढात आलं," मी म्हणाले. "अन् चर वारुळाला वळसा घालून गेलाय. साहेब, जे नव्हतंच त्याला वळसा कोण घालतं?"

व्यंकटराव ताठ बसले. "म्हणजे नाली वारुळानंतरची. बांधतानाची नाही."

"आता दुसरं. वळसा का घातला? खणणाऱ्याला घाई होती. सरळ कुदळ मारली असती तर वारूळ एका घावात गेलं असतं. हा शंतनू सकाळी त्याच्यावर बूट ठेवून उभा होता. हा कशाला वळतोय? संघपाल तर त्या वेळीच मोडायला निघाला होता, तो मानत नाय. माझी सून तेच म्हणत होती. तिघं बी सरळ गेले असते. वळला तो वारुळाला भिणारा. इथलाच. आमच्यातला."

दीपमालेनं डोळे मिटले होते. मला वाटलं झालं, एवढ्यावर भागलं. देवा, एवढ्यावर भागू दे.

व्यंकटरावांनी मान हलवली. "सरूबाई, तुम्ही बरोबर आहात. पण मॅडम अजून सुटत नाहीत. आषाढात कोणी ही नाली खणली असेल, तर आषाढ-श्रावणाचा सगळा पाऊस तिच्यातून ड्रममध्ये गेला, आणि मॅडमनी कोरडा म्हणून कळवलं ते खोटंच. श्रावणानंतर खणली असेल तरच त्या खऱ्या. ते फक्त खणणाराच सांगू शकेल."

बघा. दार किलकिलं झालं होतं ते परत बंद.

मी दीपमालेकडं बघितलं. तिनं मला खूण केली, राहू द्या आत्या. एवढीशी मान हलवली. तिला काही माहीत नव्हतं, माझा जीव कशात अडकलाय हे मात्र दिसलं होतं. नसती तिनं मान हलवली तर कदाचित मी गप्प बसले असते. आज लिहिताना पण मला नक्की सांगता येत नाही.

"संघपाल," मी म्हणाले, "पोळ्याच्या दुपारी गेटवर माणूस बसवून गेलास. कोण?"

संघपालनं आधी माझ्याकडं बघितलं, मग दाराकडं, मग खाली. "काकू, ते बाहेरचे थोडीच हायत. म्हणून मी सकाळी..."

"नाव सांग."

"शिवराजदादा."

"पोळ्याला," मी समितीला सांगितलं. "श्रावण संपतो त्या दिवशी. सगळा गाव मारुतीपाशी, अन् माझा धाकटा इथं. दगड बघा त्या चरातले. माझ्या मालकानं दोनच पोरांना तसे बसवायला शिकवलं. एक सरहद्दीवर हाय. सकाळी तुम्हाला मीच सांगितलं साहेब, माथ्याला माथा. आमच्या खालच्या वावरात या, खणून दाखवते. सारखेच निघतील."

"सरूबाई," व्यंकटराव हळू म्हणाले, "तुम्ही काय बोलताय ते कळतंय ना तुम्हाला?"

"म्हातारी हाय, येडी नाय."

शिवराज दारात उभा होता. कधी आला माहीत नाही. त्यानं कोणाकडं बघितलं नाही. "पोळ्यालाच खणलं," तो म्हणाला. "दुपारी. वहिनीची मोजमापं खरी हायत." मग माझ्याकडं बघितलं. "वारूळ मोडायला हात झाला नाय, माय. तू पूजलेलं व्हतं."

तेवढं तो बोलायला नको होता.

७

पोळ्यापर्यंतची मोजमापं समितीनं खरी धरली. त्यांच्यात आणखी बरीच बोलणी झाली, पण झाकण ठरलं ते मातीचं अन् गवताचं. बोरदरीच्या विहिरीवरचे काटे अजून निघालेले नाहीत. डोंगर एवढा मोठा, झाकण घालायलाच वेळ लागेल, अन् पाणी निवळायला त्याहून जास्त. आमच्या हयातीत निवळलं तर निवळलं.

त्या दिवशी जीप शिवराजला घेऊन गेली तेव्हा गावातलं कोणी माझ्याजवळ आलं नाही. शंतनू तेवढा आला. "आजी, तुम्हाला घरी सोडू का?" म्हणाला. मी म्हणाले, "टोपी उचल तुझी, चिखलात पडलीय."

दीपमाला तिसऱ्या वाफ्यावर एकटी उभी होती. चर उपसलेला, दगड उघडे. मी चढून गेले.

"आत्या, हे सगळं काढून परत भरावं लागेल," ती म्हणाली. मग वारुळाकडं बघितलं अन् गप्प झाली.

"बोल की."

"ते ठेवता यायचं नाही. अख्ख्या डोंगरावर झाकण झालं की अशी शंभर उगवतील. आजचं राहिलं तर उद्या कोणी काढू देणार नाही."

सकाळची मी असते तर भांडले असते. कुदळ तिथंच पडली होती. तिनं उचलायच्या आत मी उचलली. पहिला घाव माझा. माती ढासळली, आतली पांढरी वाळवी उघडी पडून सैरावैरा पळायला लागली, अन् मी घाव घालतच राहिले, पार सपाट होईपर्यंत. दीपमालेनं मला धरलं नाही. बाजूला उभी राहून रडली, माझ्या वाटचं पण.

घरी आलो तेव्हा फोन वाजत होता. ती म्हणाली, "त्यांचा आहे. मी बोलू का?"

"तू बोल. सगळं सांग. मला देऊ नको."

मी चूल पेटवली. पीठ मळलं, भाकरी थापल्या, लसणाची चटणी खलबत्त्यात कुटली. शिवाला जाडी लागते, पाट्यावरची बारीक चालत नाही. फडक्यात बांधलं. फोन ठेवून दीपमाला स्वयंपाकघरात आली, डबा बघितला, अन् पदर खोचून हात पुढं केला.

"द्या आत्या. मी नेते ठाण्यात. तुमच्यानं जाववणार नाही."

"तू कशाला?" मी म्हणाले. "चोर माझा हाय."

अन् चपला घातल्या.